अल्फॉन्सो रॉबर्ट्स

अल्फॉन्सो थिओडोर रॉबर्ट्स (१८ सप्टेंबर, १९३७:किंग्सटाउन, सेंट व्हिन्सेंट - २४ जुलै, १९९६:माँट्रिऑल, कॅनडा) हे वेस्ट इंडीजकडून एक कसोटी सामना खेळलेले क्रिकेटपटू आणि पुढील काळात माँट्रिऑलमधील कॅरिबियन समाजाचे राजकीय कार्यकर्ते होते. ते ॲल्फी रॉबर्ट्स या नावाने परिचित होते. कसोटी क्रिकेट खेळणारे ते सेंट व्हिन्सेंटचे पहिले खेळाडू होत. ते उजव्या हाताने फलंदाजी करीत.

पार्श्वभूमी

सेंट व्हिन्सेंट हे विंडवर्ड बेटांपैकी एक लहान बेट असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३४५ चौ. किमी आहे. १९५०च्या दशकात वेस्ट इंडीजचा संघ जवळजवळ सर्वस्वी जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि ब्रिटिश गयाना या चार वसाहतींतून निवडला जात असे. या वसाहतींच्या आपसांतील सामन्यांवर निवड समितीचे लक्ष असे. लहान बेटांवरील खेळाडूंना प्रथम श्रेणीचे सामनेच क्वचित मिळत. या पार्श्वभूमीवर १८ वर्षांच्या रॉबर्ट्स यांची १९५५-५६च्या न्यू झीलंड दौऱ्यासाठी झालेली निवड ही असाधारण घटना होती.

एकमेव कसोटी

या दौऱ्यातील पहिल्या तीनही कसोटी वेस्ट इंडीजने सहज जिंकल्या आणि एव्हर्टन वीक्स यांनी त्या प्रत्येकीत शतक झळकावले. मार्च १९५६मध्ये ऑकलंडच्या ईडन पार्क मैदानावर झालेल्या चौथ्या कसोटीत रॉबर्ट्स यांना पदार्पणाची संधी मिळाली. वर्षभरापूर्वी याच मैदानावर न्यू झीलंडचा डाव इंग्लंडविरुद्ध २६ धावांत आटोपला होता. या वेळी मात्र कर्णधार जॉन रीड यांच्या ८४ धावांमुळे यजमानांनी पहिल्या डावात २५५ धावा केल्या. वेस्ट इंडीजचा पहिला डाव १४५ धावांत संपला. त्यात रॉबर्ट्स यांच्या २८ धावा होत्या. दुसऱ्या डावात ते शून्यावर बाद झाले आणि संपूर्ण संघ ७७ धावांत गारद झाला. न्यू झीलंडने सामना १९० धावांनी जिंकला. २६ वर्षांच्या प्रतीक्षेनंतर आणि ४५व्या कसोटीत मिळालेला हा त्या देशाचा पहिलाच कसोटी विजय असल्याने सामना आजही स्मरणात आहे; रॉबर्ट्स यांचे नाव मात्र त्या संदर्भात फारसे घेतले जात नाही. त्यांना पुन्हा कसोटी खेळण्याची संधी मिळाली नाही.

माँट्रिऑलमधील कार्य

१९६२मध्ये रॉबर्ट्स शिक्षणासाठी माँट्रिऑल येथे गेले. तेथे ते कॅरिबियन विद्यार्थी व विचारवंतांच्या वर्तुळात सामील झाले. अँटिगाचे टिम हेक्टर, जमैकाचे रॉबर्ट हिल आणि पुढे डॉमिनिकाचे पंतप्रधान झालेले रोझी डग्लस हे त्यांचे सहकारी होते. क्रिकेट आणि वसाहतवादी समाज यांचा संबंध उलगडणाऱ्या 'बियाँड अ बाउंडरी' (१९६३) या ग्रंथाचे लेखक सी.एल.आर. जेम्स यांच्या विचारांचा अभ्यास हा या गटाचा गाभा होता. रॉबर्ट्स अखेरपर्यंत माँट्रिऑलमध्येच राहिले.

लहान बेटांचे क्रिकेट

१९६५-६६मध्ये शेल शील्ड स्पर्धा सुरू झाल्यावर लहान बेटांना नियमित सामने मिळू लागले. सेंट व्हिन्सेंटचे यष्टिरक्षक माइक फिंडले आणि डॉमिनिकाचे जलदगती गोलंदाज ग्रेसन शिलिंगफोर्ड यांनी १९६९मध्ये कसोटी पदार्पण केले, म्हणजे रॉबर्ट्स यांच्यानंतर १३ वर्षांनी. १९७४मध्ये अँटिगाचे अँडी रॉबर्ट्स व व्हिव्ह रिचर्ड्स संघात आले. सेंट व्हिन्सेंटच्या आर्नोस व्हेल मैदानावर पहिली कसोटी जून १९९७मध्ये, श्रीलंकेविरुद्ध, खेळवण्यात आली.