पुणे जिल्ह्यातील आहार-रोगसंबंधाचा अभ्यास : एक ऐतिहासिक टिपण

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या मार्गावर शिरूर तालुक्यात सणसवाडी हे गाव लागते. बाजरी-ज्वारीचा हा मूळचा अवर्षणग्रस्त टापू आता कारखान्यांचा झाला आहे. शेतात राबणाऱ्या आईचा मुलगा यंत्रावर पाळी करतो आणि चाळिशीच्या आतच त्याच्या मूत्रात साखर उतरते, असे चित्र अशा गावांतून दुर्मिळ राहिलेले नाही. त्याचे कारण मुलाच्या आजच्या ताटात शोधावे की आईच्या पूर्वीच्या ताटात, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील संशोधनाने जगापुढे ठळकपणे मांडला. परंतु तेथवर येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

निरनिराळ्या लोकसमूहांच्या आहाराची तुलना करणारा या देशातील पहिला गाजलेला प्रयोग उंदरांवर झाला. १९२०च्या दशकात रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूर येथे उंदरांचे सात गट करून प्रत्येकास एकेका समाजाचा आहार दिला. शिखांच्या आहारावर पोसलेला उंदीर सरासरी २३५ ग्रॅमचा झाला, मद्रासी आहारावरचा १५५ ग्रॅमचा. मराठ्यांच्या आहारास तिसरे स्थान मिळाले. दूध, गहू व भाजीपाला यांचे महत्त्व या प्रयोगाने निःसंशय पटवून दिले. तथापि ‘मराठ्यांचा आहार’ म्हणून जो पिंजऱ्यात ठेवला गेला, तो नेमका कोणाचा? पाटलाच्या घरचा की सालगड्याच्या? आणि एकाच घरात सर्वांच्या शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या वाट्यास त्यातले काय येत असे? समाजाची सरासरी काढताना हे प्रश्न दृष्टिआड झाले.

कुन्नूरची ही प्रयोगशाळा पुढे हैदराबादेस हलविण्यात आली. तेथे सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये दख्खनच्या पठारावरील पेलाग्राकडे लक्ष वेधले. हा रोग तोवर मका खाणाऱ्यांचा मानला जात असे. येथे तो ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळला. ज्वारीतील ल्यूसिनच्या आधिक्याला त्यांनी दोष दिला. हे कारण पुढे वादग्रस्त ठरले, परंतु पोट भरूनही माणूस आहारजन्य रोगाने आजारी पडू शकतो, हे निरीक्षण मात्र टिकले.

सणसवाडीच्या परिसरातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या नेतृत्वाखाली १९७०च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे कार्य हाती घेतले. गावातल्याच स्त्रीपुरुषांना आरोग्यसेवेचे शिक्षण द्यावयाचे, हे त्याचे सूत्र होते. वरवर पाहता याचा आहारविज्ञानाशी संबंध नाही. पण गावाचा विश्वास संपादन केल्यावाचून कोणाच्या चुलीपर्यंत पोहोचता येत नाही, आणि आहाराची खरी नोंद चुलीजवळच होते. या पूर्वतयारीचे मोल संशोधन-निबंधांतून क्वचितच नमूद होते.

त्याच रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या संशोधकांच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास आरंभिला. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर यांनी हर्टफर्डशायरमधील जुन्या जन्मनोंदींवरून, कमी वजनाने जन्मलेल्यांत पुढे हृदयविकाराने मृत्यू अधिक होतात, असे दाखविले होते. परंतु त्या नोंदींत बाळाचे वजन होते; आईने काय खाल्ले ते नव्हते. पुण्याच्या अभ्यासाने ही उणीव भरून काढली. विवाहित स्त्रियांच्या घरी दरमहा जाऊन पाळीची तारीख टिपली जाई, आणि गर्भ राहिल्यावर १८व्या व २८व्या आठवड्यांत आहाराची मोजणी होई. गर्भवतींची ही नोंदणी १९९४ ते १९९६ या काळात झाली.

या स्त्रियांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो होते. त्यांच्या आहारात दिवसाकाठी सुमारे १,७७० कॅलरी व ४५ ग्रॅम प्रथिने असत. आहार वाढला की बाळाचे वजन वाढेल, अशी सर्वसाधारण समजूत. पण एकूण उष्मांक वा प्रथिने यांचा जन्मवजनाशी म्हणण्यासारखा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे यांच्याशी. शेतातील व घरातील कष्ट ज्यांचे अधिक, त्यांची बाळे लहान होती, हेही आढळले. केवळ ताट पाहून भागत नाही, याचा हा पुरावा.

बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. वजनातील ही तफावत अपेक्षितच होती. अनपेक्षित होते ते हे की, पुण्याच्या बाळांचे स्नायू व पोटातील अवयव फारच लहान असूनही त्वचेखालील चरबी त्या मानाने बरीच टिकून होती. दिसावयास कृश, पण चरबीने स्थूल अशा या अर्भकाचे वर्णन २००३मध्ये प्रसिद्ध झाले.

ही मुले सहा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, तर फोलेट कमी असलेली माता एकच निघाली. जिच्यात ब-१२ कमी व फोलेट अधिक, अशा मातेच्या मुलांत इन्सुलिनरोध सर्वाधिक होता. गर्भवतींना लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचे सरकारी धोरण सद्‌हेतूचे व अनेक दृष्टींनी हितकारक आहे; तरी एक उणीव भरून काढताना दुसरी तशीच राहू दिल्यास काय होते, ही शंका या आकड्यांनी उपस्थित केली. अर्थात सहसंबंध म्हणजे कारण नव्हे.

ब-१२ मुख्यतः दूध, अंडी, मांस व मासे यांतून मिळते. हा केवळ दारिद्र्याचा प्रश्न मानावा, तर २००६मध्ये प्रसिद्ध झालेली पुण्याच्या पुरुषांची पाहणी आड येते. ब-१२ची कमतरता ग्रामीण पुरुषांत ६८ टक्के, झोपडपट्टीत ५१ टक्के, आणि शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के होती. शाकाहार हे तिचे मोठे कारण ठरले. ज्या वर्गाने आहारविषयक उपदेश गावोगाव पोहोचविला, त्याच्याच रक्तात ही उणीव सर्वांहून अधिक निघावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

कारण आणि योगायोग यांचा निवाडा प्रयोगावाचून होत नाही. त्यासाठी सहा खेड्यांतील त्याच मुलामुलींना, ती किशोरवयात आल्यावर, २०१२पासून ब-१२ व इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये देण्यात आली. विवाहापूर्वीच हा उपचार सुरू करण्याचा हेतू त्यांच्या पुढील अपत्यांची प्रकृती पाहण्याचा होता. ज्या मातांच्या पाळीच्या तारखा १९९४मध्ये टिपल्या गेल्या, त्यांच्या नातवंडांपर्यंत ही नोंदवही पोहोचली.