तिकीट एकाचे, किल्ली दोघांची

डोंबिवलीहून ठाण्याला रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्याच्या खिशात बरीच वर्षे दोन कागद असत. एक मासिक पास आणि दुसरे छायाचित्र असलेले ओळखपत्र. पासावर ओळखपत्राचा क्रमांक लिहिलेला असे. त्यामुळे हरवलेला पास दुसऱ्याच्या हाती लागला तरी तपासनिसाने ओळखपत्र मागताच त्याचे पितळ उघडे पडे. गंमत अशी की, तपासनीस त्या प्रवाशाला ओळखत नसे. त्याची ओळख होती ती पास देणाऱ्या खिडकीशी.

संगणकांच्या जाळ्यात हीच व्यवस्था केर्बेरॉस या नावाने चालते. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर राखण करणारा तीन डोक्यांचा कुत्रा, त्याचे हे नाव. येथील तीन डोकी म्हणजे वापरणारा, फाईली सांभाळणारा सर्व्हर आणि दोघांच्याही विश्वासातला तिकीटघर-संगणक.

अशा व्यवस्थेची गरज का पडली? १९८४ साली सन कंपनीने एनएफएस ही पद्धत आणली. दुसऱ्या संगणकावरील फाईल आपल्याच संगणकावर असावी तशी उघडण्याची ती सोय होती. पण मागणारा संगणक ‘मी अमुक क्रमांकाचा वापरकर्ता’ असे सांगे आणि सर्व्हर ते खरे मानी. चार ओळखीच्या माणसांत हे चालून जाते, हजारो विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात चालत नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ पासून ‘अथेना’ प्रकल्पात असेच मोठे जाळे उभे राहत होते.

उत्तराचा पाया आधीच घातला गेला होता. १९७८ मध्ये रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी दाखवले की, तिसऱ्या विश्वासू संगणकाच्या मदतीने दोन अनोळखी संगणकांना एक तात्पुरती गुप्त किल्ली देता येते. तिला आपण सत्रकिल्ली म्हणू. १९८१ मध्ये डेनिंग आणि सॅको यांनी तिच्यातील उणीव दाखवली : जुनी सत्रकिल्ली कुणाच्या हाती लागली, तर जुनेच निरोप पुन्हा पाठवून फसवणूक करता येते. त्यांचा उपाय होता निरोपावर वेळ घालण्याचा. या दोन्ही कल्पना घेऊन स्टीव्ह मिलर, क्लिफर्ड नॉयमन आदींनी केर्बेरॉस रचले. त्याची पाचवी, आजही वापरात असलेली आवृत्ती १९९३ मध्ये जाहीर झाली.

वेळ आली की घड्याळे आली. केर्बेरॉस सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते. त्यापुढे तिकीट खरे असूनही नाकारले जाते. आपल्याकडे १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईतील काही घड्याळे पुढेही कित्येक वर्षे ३९ मिनिटे मागे असलेल्या ‘मुंबई टाइम’वरच चालत. अशा शहरात केर्बेरॉसने कुणालाच दार उघडले नसते!

आता खऱ्या बारकाव्याकडे वळू. तिकीटघर तिकीट तयार करते ते सर्व्हरच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करून. वापरणाऱ्याला ते उघडता येत नाही, तो फक्त नेऊन देतो. आत त्याचे नाव, मुदत आणि सत्रकिल्ली असते. त्याच सत्रकिल्लीची दुसरी प्रत वापरणाऱ्याला वेगळ्या लिफाफ्यात मिळते. म्हणजे तिकिटाचे कुलूप एकट्या सर्व्हरला कळले तरी पुरते, सत्रकिल्लीचा प्रकार मात्र दोघांनाही कळावा लागतो. आणि तो प्रकार ठरवतो तिसराच, म्हणजे तिकीटघर. सर्व्हरला काय समजते याची नोंद चुकीची असेल, तर गाडी इथेच अडते.

ती अडण्याला इतिहासही कारणीभूत आहे. अमेरिकन कायदा त्या काळी सांकेतिक लिपीच्या प्रणालींना शस्त्रास्त्रांत मोजत असे. म्हणून केर्बेरॉसची सांकेतिकीकरण काढून टाकलेली ‘बोन्स’ नावाची आवृत्ती, म्हणजे अक्षरशः त्या कुत्र्याची हाडे, परदेशी जाऊ दिली गेली. ऑस्ट्रेलियात एरिक यंग यांनी तिच्यात डीईएस ही सांकेतिक पद्धत पुन्हा भरली. स्वीडनमध्ये हाइमडाल ही स्वतंत्र रचना झाली. २००० साली मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये केर्बेरॉस आणले ते आरसी४ या पद्धतीसह, कारण तिच्यात जुन्या विंडोज एनटीमध्ये साठवलेले पासवर्डचे रूपच किल्ली म्हणून चालत होते. एकाच नियमावलीची अशी वेगवेगळी घराणी झाली.

त्यांची टक्कर २००९-१० मध्ये स्पष्ट दिसली. डीईएसची किल्ली अवघी ५६ बिटांची, आणि ती फोडता येते हे १९९८ मध्येच सिद्ध झाले होते. म्हणून २००९ च्या विंडोज सर्व्हरमध्ये डीईएस मुळातच बंद ठेवले गेले. पण लिनक्सच्या गाभ्यातील एनएफएसला ऑगस्ट २०१० पर्यंत केर्बेरॉससाठी फक्त डीईएसच येत होते. त्यामुळे त्याच संगणकावरून, त्याच पासवर्डने, विंडोजच्या एसएमबी पद्धतीने मागितलेली फाईल उघडे आणि एनएफएसने मागितलेली नाकारली जाई. अशा वेळी पासवर्ड बदलत बसणे म्हणजे आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी.

पुढे आरसी४ ची पाळी आली. ८ नोव्हेंबर २०२२ च्या सुधारणेत मायक्रोसॉफ्टने ठरवले की, ज्या खात्यापुढे सांकेतिक प्रकाराची नोंद कोरी आहे, त्याची सत्रकिल्ली एईएस या अधिक मजबूत प्रकारची असेल. हेतू चांगलाच होता, पण अनेक ठिकाणी प्रवेश अडकले आणि १७ नोव्हेंबरला तातडीची दुरुस्ती द्यावी लागली.

असा दोष शोधताना आधी तिन्ही संगणकांची घड्याळे ताडून पाहावीत. मग ‘के-लिस्ट’ या आज्ञेने हाती आलेली तिकिटे तपासावीत. एमआयटीच्या रचनेत तिला ‘ई’ हा पर्याय जोडला की प्रत्येक तिकिटापुढे दोन प्रकार छापले जातात, पहिला सत्रकिल्लीचा आणि दुसरा तिकिटाच्या कुलपाचा. दुसरा सर्व्हरजवळच्या किल्ल्यांत नसेल, तर तिकीट उघडणारच नाही. तिकीट उघडते पण पुढचे बोलणे तुटते, असे दिसले तर पहिल्याकडे पाहावे आणि सर्व्हरच्या खात्यात काय नोंदले आहे ते तिकीटघरात जाऊन वाचावे.