'फसाना-ए-मुब्तला': निकाह झाला, इन्साफ राहिला

डेप्युटी नजीर अहमद म्हटले की उर्दू शाळेत शिकलेल्यांना 'मिरातुल उरूस' आठवते. १८६९ सालची ही गोष्ट. फूहड अकबरी आणि सुघड असगरी या दोन बहिणींची. तिला सरकारचे हजार रुपयांचे बक्षीस मिळाले आणि शरीफ घरांतल्या मुलींच्या हाती ते पुस्तक पिढ्यानपिढ्या पडत राहिले. चांगली मुलगी कशी आणि वाईट कशी, हे त्यात स्पष्ट मांडलेले आहे. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, आणि वर्गात अकबरी-असगरीची नावे घेतली की मुलांना लगेच कळते कोणाची बाजू घ्यायची.

याच लेखकाने १८८५ मध्ये एक वेगळी कादंबरी लिहिली, 'फसाना-ए-मुब्तला'. तिच्यात बाजू घ्यावी असे फारसे कोणी सापडत नाही. तिचा विषय आहे नवऱ्याची बेईमानी आणि दुसरे लग्न. आपल्याकडे तिची चर्चा फार कमी होते.

कथा थोडक्यात सांगते. मुब्तला हा लाडाने बिघडलेला, आपल्याच रूपावर खूश असलेला तरुण. लग्न घरच्यांनी लावून दिलेले. बायको गैरत बेगम चांगल्या खानदानातली, पण जिभेने तिखट, मानी, घरकामात लक्ष नसलेली. चुलते मीर मुत्तकी मुब्तलाला काही काळ वळणावर आणतात. ते गेल्यावर हा हरयाली नावाच्या तवायफेत गुंततो, तिच्याशी गुपचूप निकाह करतो आणि तिला मोलकरीण म्हणून त्याच घरात आणून ठेवतो. म्हणजे पहिली बायको जिला कामे सांगते, ती तिची सवत आहे हे तिलाच ठाऊक नाही. गंमत अशी की हरयाली घर गैरत बेगमपेक्षा नीट सांभाळते. पुढे गुपित फुटते. भांडणे, विषप्रयोग, पोलीस, पैशाची धूळधाण आणि शेवटी मुब्तलाचा मृत्यू.

नजीर अहमद पात्रांची नावे अर्थासाठी ठेवत. मुब्तला म्हणजे एखाद्या दुखण्यात किंवा संकटात सापडलेला. गैरत म्हणजे स्वाभिमानाची चाड. मुत्तकी म्हणजे अल्लाहचे भय बाळगणारा. कादंबरीला दुसरेही नाव आहे, 'मुहसनात'. हा कुरआनातला शब्द. त्याच्या मुळाशी 'हिस्न' म्हणजे किल्ला आहे, आणि निकाहाच्या तटबंदीत सुरक्षित असलेल्या स्त्रियांना तो वापरला जातो. आता कथा पाहा. दोघी बायका निकाहात आहेत, आणि सुरक्षित एकही नाही. मला वाटते, खरे शीर्षक हेच.

या कादंबरीला एक पार्श्वभूमी आहे, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे. १८६० च्या इंडियन पीनल कोडचा उर्दू तर्जुमा 'ताजीरात-ए-हिंद' झाला, त्यात नजीर अहमद यांचा मोठा वाटा होता. आज कोर्टकचेरीत वापरले जाणारे कितीतरी उर्दू शब्द त्या तर्जुम्याने रुळवले. म्हणजे कायद्याचा शब्दन् शब्द त्यांच्या नजरेखालून गेलेला. त्या कायद्यात कलम ४९७ होते, व्यभिचाराचे. पण दुसऱ्याच्या बायकोशी, त्या दुसऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुषच त्यात गुन्हेगार ठरत असे. स्वतःच्या बायकोला फसवून तवायफेकडे जाणारा नवरा त्यात बसत नव्हता. बायकोला तक्रारीचा हक्कच नव्हता. हे कलम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते २०१८ मध्ये. कलम ४९४ पहिला जोडीदार हयात असताना केलेल्या लग्नाचे, पण ते दुसरे लग्न कायद्याने रद्दबातल ठरत असेल तरच लागू होणारे. मुसलमान पुरुषाचा दुसरा निकाह त्यात येत नव्हता.

आणि फिकहच्या पुस्तकात? तिथेही मुब्तला सुटतो. निकाह झाला आहे, चारच्या मर्यादेत आहे. इंग्रजांचा कायदा आणि मौलवींचा मसला, दोन्हींच्या दृष्टीने या माणसाने काहीच केलेले नाही. तरी एक घर उद्ध्वस्त झाले. ज्या गुन्ह्याला कलम नाही, त्याची नोंद कादंबरीत झाली, हे मला या पुस्तकाचे मोठेपण वाटते.

मुब्तलाचा दोस्त आरिफ त्याच्याशी एकाहून अधिक बायकांच्या प्रश्नावर वाद घालतो. सूरह निसामध्ये चारपर्यंत परवानगी देताना अट आहे अद्ल, म्हणजे इन्साफ, याची. भीती वाटत असेल तर एकच. पुढे त्याच सूरहमध्ये म्हटले आहे की कितीही मनात आणले तरी बायकांमध्ये पुरता इन्साफ तुम्हाला जमणार नाही. आपल्या मोहल्ल्यांत पहिला भाग सर्वांना तोंडपाठ असतो. कोणी दुसरी बायको केली की लोक म्हणतात, "निकाह केलाय ना, गुनाह तर नाही केला." इन्साफाचे कोणी विचारत नाही.

आता गैरत बेगमकडे येऊ. सुधारणावादी लेखकाने एरवी काय केले असते? पीडित बायको सोशिक, गोड, नमाजी दाखवली असती, म्हणजे वाचकाला तिची दया आली असती. नजीर अहमद यांनी तसे केले नाही. तिचा स्वभाव कडू आहे, आणि सवतीवर विष घालण्यापर्यंत ती जाते. ते कृत्य समर्थनीय नाहीच. पण तिच्यावर झालेला अन्याय तेवढ्याने कमी होत नाही. हरयालीही तशीच. बाजारातून सुटून इज्जतीचे घर मिळावे ही तिची इच्छा खरी, आणि त्यासाठी तिने केलेली फसवणूकही खरी. आजही एखादी बाई माहेरी परत आली की पहिला प्रश्न असतो, "तिचीही काही चूक असेल ना?" असेलही. म्हणून नवऱ्याचा हिशेब मिटतो का?

कादंबरीला विरोधही झाला. मौलाना अशरफ अली थानवी यांनी 'बहिश्ती जेवर'मध्ये स्त्रियांनी न वाचण्याच्या पुस्तकांची यादी दिली, तिच्यात नजीर अहमद यांची चार पुस्तके आहेत, 'मुहसनात' त्यांपैकीच. त्यांत शहाणपणाच्या गोष्टी आहेत हे मौलानांनी मान्य केले, पण काही भाग दीन कमजोर करणारा मानला. वाईट माणसांची गोष्ट वाचून माणूस वाईट होतो ही भीती जुनी आहे. मला मात्र वाटते, मुब्तला वाचून मुब्तला होण्यापेक्षा त्याला ओळखायला शिकणे अधिक शक्य आहे.

मराठीशी या गोष्टीचे नाते दूरचे नाही. नजीर अहमद काही वर्षे हैदराबाद संस्थानात मोठ्या हुद्द्यावर होते आणि आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. पुण्यात हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिती' क्रमशः येऊ लागली तीही १८८५ मध्येच. नव्या शिकलेल्या वर्गाची घसरण तिचा विषय. पुढे १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले. मागण्यांत बहुपत्नीत्व बंद करण्याची मागणी होती. दलवाईंशी आपले मतभेद असू शकतात. पण हा प्रश्न बाहेरच्यांनी आपल्यावर लादला, असे म्हणण्याआधी एक तारीख ध्यानात घ्यावी. त्या मोर्चाच्या ८१ वर्षे आधी, कुरआनचा तर्जुमा पुढे ज्यांनी केला अशा एका आलिमाने, उर्दूत, आपल्याच घरांसाठी तो विचारून ठेवला होता. उत्तर अजून आपल्याकडे बाकी आहे.