दोन शाळांची पिढी

गोव्याच्या इतिहासाची पुस्तकं चाळली की माणसांचे दोन ठळक गट दिसतात. एक पोर्तुगीज अमदानीतल्या माणसांचा आणि दुसरा मुक्तीनंतरच्या माणसांचा. 19 डिसेंबर 1961 ही तारीख दोघांच्या मधोमध रेघेसारखी ओढलेली. पण ज्यांचं निम्मं बालपण रेघेच्या अलीकडे आणि निम्मं पलीकडे गेलं, त्यांचं काय? 1945 ते 1955 च्या दरम्यान गोव्यात जन्मलेल्या आम्हा लोकांना त्या पुस्तकांत स्वतंत्र प्रकरण नाही. माझा जन्म 1951 चा, म्हणून हे मीच लिहायला घेतलं.

आमची पिढी दोन शाळांची. सकाळी सरकारी पोर्तुगीज शाळा आणि दुपारी मराठी शाळा. पोर्तुगीजचा 'प्रिमेर ग्राव', मग 'सेगुंद ग्राव' झाल्याशिवाय सरकारदरबारी कारकुनीसुद्धा मिळत नसे. मराठी शाळांना सरकारचा आधार नव्हता, त्या गावकऱ्यांच्या वर्गणीवर चालत. 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आलं आणि हिंदूंवरची धार्मिक बंधनं सैल झाली, तेव्हापासून अशा शाळा वाढत गेल्या. पणजीचं मुष्टिफंड त्याच्याही आधीचं, 1908 चं. मूठ मूठ तांदूळ गोळा करून शिक्षण चालवायचं ही कल्पना नावातच आहे. म्हणजे घरात कोकणी, देवळातल्या कीर्तनात आणि पत्रात मराठी, कचेरीत पोर्तुगीज. आम्हाला त्यात काही विचित्र वाटत नसे. पावसाळ्यात छत्री घ्यावी तशी जागा पाहून भाषा घ्यायची.

पैशांचंही तसंच. मी अंक शिकलो तेव्हा रुपयाचे सोळा 'तांग' होते. 1958-59 मध्ये एस्कुदो आला. एका रुपयाला सहा एस्कुदो, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंताव्ह. तो हिशेब अंगवळणी पडतो न पडतो तोच भारतीय रुपया आणि नवे पैसे आले. बारा वर्षांचा होईपर्यंत मी तीन नाणी मोजायला शिकलो होतो. आजची नातवंडं हे ऐकून हसतात, पण बाजारात अडणाऱ्या आमच्या आज्यांना तेव्हा हसू येत नव्हतं. हिशेब करून द्यायचं काम आम्हा पोरांचं होतं.

मुक्ती आली आणि सगळ्यांना आनंद झाला, आम्हालाही. पण त्या आनंदात एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. ज्या मुलांनी सात वर्षांच्या लिसेंवातली चार-पाच वर्षं पूर्ण केली होती, त्यांचं शिक्षण एका रात्रीत जुनं झालं. पोर्तुगीजच्या जोरावर नोकरीची आशा धरून बसलेल्यांना पंधराव्या-सोळाव्या वर्षी इंग्रजीची बाराखडी गिरवावी लागली. माझ्या ओळखीच्या कितीतरी ख्रिस्ती कुटुंबांत थोरला भाऊ पोर्तुगीजमध्ये शिकलेला आणि धाकटा इंग्रजीत, असं झालं. एकाच घरातल्या दोन भावांची वाचायची पुस्तकं वेगळी. हिंदू घरांत मराठी दोन्हीकडे टिकून राहिली, म्हणून आमची वाट थोडी सोपी झाली हे कबूल करायला हवं. 1962 साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झालं, दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. शालान्त परीक्षा पुण्याच्या मंडळाची. गोव्याचं स्वतःचं मंडळ 1975 चं.

आता मुद्द्याचं. 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा? संघप्रदेशाच्या बाजूनं 1,72,191 मतं, विलीनीकरणाच्या बाजूनं 1,38,170. फरक 34,021 मतांचा. तेव्हा मतदानाचं वय 21 होतं. म्हणजे 1946 नंतर जन्मलेल्या एकालाही मत नव्हतं! ज्या प्रश्नानं आमचं पुढचं सगळं आयुष्य ठरलं, त्यावर आम्ही फक्त घोषणा दिल्या आणि भिंती रंगवल्या. काही घरांत बाप 'विलीनीकरण' म्हणत होता, मुलगा 'नाही' म्हणत होता, आणि मत मात्र बापाचंच.

त्यातही एक गंमत बघा. विलीनीकरणाच्या बाजूनं लढणारा 'गोमन्तक' मराठी, आणि विरोधात लढणारं 'राष्ट्रमत'ही मराठीच. बाकीबाब बोरकरांनी आयुष्यभर मराठीत कविता लिहिली, विलीनीकरणाला विरोध केला, आणि 1981 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना 'सासाय' या कोकणी संग्रहासाठी मिळाला. लक्ष्मणराव सरदेसाई मराठी कथाकार, पोर्तुगीजचे शिक्षक, आणि 1982 चा अकादमी पुरस्कार कोकणी 'खबरी'साठी. आमच्या आधीच्या या माणसांच्या अंगात तीन भाषा गुण्यागोविंदानं नांदल्या. तू नेमका कुठला, हे कागदावर लिहून द्यायची पाळी आमच्यावर आली. 1986 मध्ये राजभाषेचं आंदोलन पेटलं, काही जीवही गेले. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला आणि 30 मे रोजी घटकराज्य. तेव्हा आम्ही तिशी-चाळिशीत, मत असलेले, नोकरीत असलेले. कोकणी बोलणाऱ्या आणि मराठी लिहिणाऱ्या माणसाला दोन्ही छावण्यांत संशयानं पाहिलं गेलं. मैत्री तुटली ती त्या वर्षांत, 1961 मध्ये नव्हे.

आमच्या जन्मदाखल्यांवर अजून पोर्तुगालची मोहोर आहे. त्यात प्रभूचा 'पोरोबो' आणि शेणवीचा 'सिनाय' झालेला. पोर्तुगीज कायद्याप्रमाणे त्या तारखेपूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना नागरिकत्वाची नोंद करता येते, म्हणून हल्ली तोच कागद पेटीतून बाहेर निघतो आणि नातू परदेशी जातो. कागद कामाचा ठरला, पण तो वाचणारा घरात कोण आहे? भाटांची, कुळागरांची, वाटण्यांची किती दस्तऐवजं अशीच पडून आहेत. तोडक्यामोडक्या सेगुंद ग्रावच्या जोरावर ती वाचून दाखवणारे, आणि त्यातलं शेत नेमकं कुठल्या ओहोळापाशी आहे हे बोट करून सांगणारे, आम्ही शेवटचे.

आमच्यातला सर्वांत धाकटाही आता सत्तरीला आला आहे. तुमच्या घरात असा कुणी असेल, तर या चवथीला कागदांची पेटी त्याच्यापुढे ठेवा आणि शेजारी वही घेऊन बसा.