‘नंबर’ एक, अर्थ अनेक : कुठं लागतो, कुठं अडतो आणि कुणाला सांगायचा नाही?

सोलापूर : “नंबर सांगा.” दवाखान्यात, सेतू केंद्रात, बँकेत, कारखान्याच्या गट ऑफिसात आणि फोनवरसुद्धा सगळीकडं हेच दोन शब्द ऐकू येतात. पण प्रत्येक ठिकाणी मागितलेला नंबर वेगळा असतो. दवाखान्यात पाळीचा, बँकेत खात्याचा, सेतूत गटाचा. ऐकणारा गोंधळला, चुकीचा नंबर सांगितला, तर अर्ज अडकतो आणि कधीकधी खात्यातले पैसेही जातात. हा इंग्रजी शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलाय, की तो इंग्रजी आहे हे सांगितल्याशिवाय आठवत नाही.

इंग्रजीत ‘नंबर’ म्हणजे आधी संख्या, किती ते. गंमत म्हणजे तोच अर्थ मराठीनं घेतला नाही. “सभेला लोकांचा नंबर मोठा होता” असं कुणी म्हणत नाही. तिथं आपली ‘संख्या’ आहे, नाहीतर ‘आकडा’ आहे. आपण ‘नंबर’ घेतला तो क्रमासाठी, ओळखीसाठी, पाळीसाठी आणि प्रतीसाठी. सरकारी कागदावर ‘क्रमांक’ छापलेलं असतं, पण टेबलामागचा माणूससुद्धा ‘नंबर’च म्हणतो.

रोजच्या बोलण्यातलेच अर्थ बघा. “दहावीला नंबर कुठं आलाय?” म्हणजे परीक्षा केंद्र कुठलं मिळालं. “वर्गात नंबर कितवा?” हा प्रश्न वेगळा आणि “हजेरी नंबर किती?” हा त्याहून वेगळा. “डोळ्याला नंबर लागला” म्हणजे चष्मा आला. “थोरल्याचं झालं, आता तुझा नंबर” म्हणजे लग्न. जत्रेत एक नंबरची कुस्ती शेवटी लागते आणि इनामही तिचंच मोठं असतं. जेवण आवडलं तर ‘एक नंबर’, धंदा बेकायदा असला तर ‘दोन नंबरचा’. बाजार समितीत मात्र दोन नंबर ही शिवी नाही. तिथं एक नंबर कांदा, दोन नंबर कांदा, मग गोल्टी अशी प्रतवारी चालते आणि भाव त्याप्रमाणं उतरतो. पंढरपुरात दर्शनाला मात्र नंबर लावत नाहीत, तिथं अजून ‘बारी’च आहे.

सोलापूर शहरात यंत्रमागावर गेलात तर नंबर म्हणजे सुताची जाडी. वीस नंबरचं सूत दहा नंबरपेक्षा बारीक. एक पौंड वजनात ८४० वाराच्या किती लडी बसतात, त्यावर हा नंबर ठरतो. सूत जितकं बारीक तितक्या लडी जास्त, म्हणून नंबर मोठा. कुंपणाच्या तारेचंही तसंच, नंबर वाढला की तार पातळ. चपलेचं उलटं. नवीन माणूस दुकानात हमखास फसतो तो इथंच.

आकडाच नाव झाला

शेतात काही नंबर नुसते नंबर राहिलेले नाहीत, त्यांचं नाव झालंय. “यंदा काय लावलं?” या प्रश्नाला “८६०३२” किंवा “२६५” एवढंच उत्तर येतं आणि समोरच्याला सगळं कळतं. को ८६०३२ या उसाच्या जातीचं ‘नीरा’ आणि कोएम ०२६५ चं ‘फुले २६५’ असं नाव आहे. दोन्ही जाती पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रानं शेतकऱ्यांपर्यंत आणल्या. ‘को’ म्हणजे कोईमतूर आणि ८६ हे १९८६ सालाचं. ‘नीरा’ म्हटलं तर किती जण ओळखतील सांगता येत नाही, आकडा मात्र पोरंही ओळखतात. ज्वारीची ‘मालदांडी ३५-१’ तर आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. स्वातंत्र्याच्या आधी निवडलेली ही जात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आजही पेरली जाते.

उसाचा दुसरा नंबर तोडीचा. लागणीच्या तारखेप्रमाणं नोंद होते आणि त्याच क्रमानं तोड यावी असा नियम. जुलै-ऑगस्टची आडसाली आधी, मग पूर्वहंगामी, मग सुरू आणि खोडवा. नंबर मागं पडला तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, रान वेळेत मोकळं होत नाही आणि पुढचं पीक हुकतं. त्यामुळं नोंद झाली की चिटबॉयच्या वहीवर भरवसा न ठेवता नोंदीची पावती मागून घ्यावी आणि त्यावरची लागणीची तारीख, जात, गट नंबर आणि क्षेत्र तिथंच तपासावं. हंगाम सुरू झाल्यावर तारखेवरून भांडण करून फारसं हाती लागत नाही.

सात, आठ आणि गट

सगळ्यात जास्त घोळ जमिनीच्या नंबरांचा. ‘सातबारा’ हाच मुळात दोन नंबरांचा शब्द. गाव नमुना सात हा हक्काचा, बारा हा पिकांचा. महसूलचे गाव नमुने एक ते एकवीस आहेत, त्यात सहा नंबर फेरफाराचा आणि आठ-अ खात्याचा. एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण कालव्याच्या पाण्यासाठी पाटबंधारेकडं अर्ज करतात तोही ‘नमुना नंबर सात’. उजनीच्या लाभक्षेत्रात “सात नंबर भरला का?” असं विचारलं तर ते पाण्याबद्दल असतं, उताऱ्याबद्दल नाही. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’ घरपट्टीच्या आकारणीचा, तो तलाठ्याकडं मिळत नाही. शेताचा आठ-अ आणि घराचा आठ यांत नुसत्या एका ‘अ’चा फरक. त्या ‘अ’पायी दोन ऑफिसांत हेलपाटे घातलेली माणसं गावोगावी भेटतील.

आता सर्व्हे नंबर आणि गट नंबर. इंग्रजांच्या काळात मोजणी करून जमिनीला सर्व्हे नंबर दिले गेले. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी बसवलेल्या पद्धतीची सुरुवात १८३० च्या दशकात आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातच झाली. पुढं १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली गावोगावी एकत्रीकरण झालं आणि सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. काही गावांत ते झालंच नाही, तिथं अजून सर्व्हे नंबरच चालतो. आजोबांच्या खरेदीखतावर एक नंबर आणि आजच्या सातबाऱ्यावर दुसराच दिसला की जमीन गेली असं समजून घाबरू नये. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात एकत्रीकरणाचा उतारा मागावा, ज्याला लोक ‘नऊ-तीन, नऊ-चार’ म्हणतात. जुन्या कोणत्या नंबरचा नवा कोणता गट झाला ते त्यावर कळतं. पीक विमा भरताना किंवा कर्ज काढताना मात्र आजच्या सातबाऱ्यावरचाच नंबर द्यायचा, हिस्सा असेल तर हिश्श्यासकट. ४५ आणि ४५/२ हे कॉम्प्युटरला दोन वेगळे गट.

अंक मोजले तरी नंबर ओळखू येतो. मोबाइल १० अंकी, आधार १२ अंकी. महावितरणचा ग्राहक क्रमांकही १२ अंकीच, म्हणून बिल भरायला दिलेल्या चिठ्ठीवर कुठला नंबर आहे ते लिहून द्यावं. पिनकोड ६ अंकी. यातला ‘पिन’ म्हणजेसुद्धा ‘पोस्टल इंडेक्स नंबर’. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, त्यामागं श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस होते. सोलापूरचा ४१३००१, पंढरपूरचा ४१३३०४. गाडीच्या पाटीवर एमएच १३ म्हणजे सोलापूर आणि एमएच ४५ म्हणजे अकलूज.

“तुमचा नंबर लागलाय”

आपल्याकडं ‘नंबर लागला’ म्हणजे पाळी आली, यादीत नाव आलं किंवा बक्षीस लागलं. फोनवरचे भामटे याच तीन अर्थांवर खेळतात. “योजनेत तुमचा नंबर लागलाय, मोबाइलवर एक नंबर येईल तेवढा सांगा.” ऐकणाऱ्याला वाटतं दोन्ही नंबर एकाच कामाचे. पण तो आलेला नंबर म्हणजे ओटीपी, आणि तो सांगितला की पैसे निघाले.

पैसे पाठवणाऱ्याला खाते नंबर आणि आयएफएससी द्यावाच लागतो, त्याशिवाय पैसे जमा होणार कसे? ओटीपी, एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन आणि कार्डामागचा तीन अंकी सीव्हीव्ही हे मात्र बँकेतल्या साहेबालाही सांगायचे नसतात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. समोरचा “पैसे पाठवतो, पिन टाका” म्हणाला, तर तो पैसे काढतोय. आधारची झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर फक्त शेवटचे चार अंक दिसणारं ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करता येतं आणि बऱ्याच कामांना ते चालतं.

फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. लगेच १९३० वर फोन करावा. जितक्या लवकर तक्रार जाईल, तितकी पैसे वाटेतच अडवण्याची शक्यता जास्त. तक्रार देताना तिथंही एक नंबर मागतात : व्यवहाराचा यूटीआर. तो बँकेच्या मेसेजमध्ये किंवा ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात असतो, म्हणून घाबरून मेसेज डिलीट करू नयेत.