नोंदवहीतले नाव

दाखला ही आम्हा सीमावासीयांच्या पाचवीला पुजलेली गोष्ट आहे. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आजोबांचा जमिनीचा कागद मोडीत आणि नोकरीचा अर्ज इंग्रजीत, असे गाठोडे काखोटीला मारून आमची माणसे तीन पिढ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत आली आहेत. पण ज्याच्या हाती आपण जीव सोपवतो, त्याचा दाखला मात्र आपण कधी मागत नाही. भिंतीवरची चौकट पाहिली की आपले समाधान होते.

ही चौकट फार जुनी आहे. चरकसंहितेत वैद्यांचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक छद्मचर, म्हणजे औषधांची भांडी आणि पोथ्या मांडून वैद्याचे सोंग घेणारा. सुश्रुतसंहिता तर शास्त्र शिकून झालेल्या वैद्यालाही राजाची अनुज्ञा घेऊनच व्यवसायात पाऊल टाकायला सांगते. विद्या अंगी असणे वेगळे आणि ती आहे अशी तिऱ्हाइताने ग्वाही देणे वेगळे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते.

या ग्वाहीची छापील नोंदवही आली ती इंग्रजांबरोबर. विलायतेत १८५८ च्या कायद्याने डॉक्टरांचे रजिस्टर सुरू झाले. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९१२ साल उजाडावे लागले. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाची पदवी घेऊन निघाल्या आणि कोल्हापूर दरबाराने त्यांना आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात नेमले, तेव्हा ज्या नोंदवहीत त्यांचे नाव पडताळावे अशी वहीच इकडे नव्हती. (दुर्दैवाने त्या जागेवर रुजू होण्याआधीच १८८७ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.) १९१२ च्या कायद्याने आमचा बेळगाव जिल्हा वहीत आला, शेजारचे कोल्हापूर संस्थान मात्र त्या कायद्याबाहेर राहिले. म्हणजे नोंदवह्यांची सीमा आपल्या राज्यसीमेहूनही जुनी!

पुढे १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्य-हकिमांचीही नोंद होऊ लागली. ज्यांच्यापाशी पदवी नव्हती, पण जे आधीपासून व्यवसाय करीत होते, त्यांच्यासाठी निराळी यादी ठेवली गेली. ही तडजोड मला शहाणपणाची वाटते. खेड्यातला अनुभवी वैद्य एका रात्रीत गुन्हेगार ठरला नाही, आणि त्याच्या नावापुढे तो कोण आहे हेही लिहिले गेले.

मग १ नोव्हेंबर १९५६ आला. चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. राज्य पुनर्रचनेच्या कायद्यात अशी तरतूद होती की नवे कायदे होईपर्यंत जुनेच चालू राहावेत. त्यामुळे राज्य म्हैसूरचे, कायदा मुंबईचा, अशी काही वर्षे गेली. १९६१ मध्ये म्हैसूरने डॉक्टरांसाठी आणि वैद्य-हकिमांसाठी स्वतःचे नोंदणी कायदे केले. बोरगावकराला चिकोडीपेक्षा इचलकरंजी जवळ आणि बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ. रोगी जवळची वाट धरतो. नोंदवही सरकारची वाट धरते. आजही आपल्याकडचे माणूस दवाखाना बदलते तेव्हा नकळत नोंदवहीही बदलते.

वही कशासाठी असते, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या एका खटल्यात बजावले. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रोगी दगावला. त्याच्या पत्नीने दाद मागितली. जी पद्धती आपण शिकलो नाही ती वापरणे हाच निष्काळजीपणा, असे न्यायालयाने ठरवले आणि तीन लाखांची भरपाई देवविली. त्या डॉक्टरचे नाव वहीत होते, पण वही वेगळी होती. नाव आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. कशासाठी आहे तेही पाहावे लागते.

या साऱ्या इतिहासात डॉक्टरच्या मागे उभा असलेला माणूस मात्र राहूनच गेला. रक्त तपासणारा, यंत्र चालवणारा, तारा जोडणारा. आपण त्यालाही भाबडेपणाने ‘डॉक्टर’ म्हणतो. निद्रा-तंत्रज्ञ, म्हणजे स्लीप टेक्नॉलॉजिस्ट, हा त्यांतलाच एक. घोरणे ही आपल्याकडे थट्टेची बाब. पण झोपेत श्वास अडकणारा माणूस दिवसा पेंगतो, आणि तो ऊसाचा ट्रॅक्टर किंवा हमरस्त्यावरचा ट्रक हाकत असेल तर पेंग एकट्याला मारत नाही. त्याच्या डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला आणि छातीला तारा लावून तंत्रज्ञ रात्रभर जागा राहतो. मग ती सगळी रात्र तीस-तीस सेकंदांच्या तुकड्यांनी तपासायची. आठ तासांचे ९६० तुकडे! तासाला पाचपेक्षा कमी वेळा श्वास अडला तर सहसा चिंता नसते. तीस किंवा अधिक वेळा अडला तर आजार गंभीर. तार निसटली आणि ती ओळखता आली नाही, की आकडा चुकला. डॉक्टर सकाळी येऊन त्याच आकड्यावर निदान करणार.

अमेरिकेत या तंत्रज्ञांनी १९७८ मध्ये आपली संघटना काढली आणि पुढच्याच वर्षी परीक्षा सुरू केली. ती उत्तीर्ण झालेल्याचे नाव आज कोणालाही यादीत पडताळता येते. आपल्याकडे २०२१ मध्ये केंद्राचा संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात मेंदूचे आलेख काढणाऱ्यांच्या ओळीत ‘स्लीप लॅब टेक्नॉलॉजिस्ट’ हे शब्द स्वच्छ छापलेले आहेत, आणि केंद्राची व राज्यांची अशा नोंदवह्या ठेवण्याची तरतूदही आहे. डॉक्टरांना १९१२ मध्ये मिळाले ते यांना कायद्यात मिळायला १०९ वर्षे लागली.

मधल्या पोकळीत काय पिकले, ते मी माझ्या टेबलावर पाहिले आहे. तंबाखूच्या वखारीत हमाली करणारे एक पालक मुलाचा ‘स्लीप टेक्निशियन’चा डिप्लोमा घेऊन आले. सोनेरी किनार, दोन सह्या, उठावाचा शिक्का. दवाखाना नोकरी देत नव्हता आणि कारणही सांगत नव्हता. आम्ही शाळेत दुसरीकडून आलेला दाखला तपासतो तेव्हा शिक्का न्याहाळत बसत नाही. ज्या शाळेने तो दिला तिला पत्र लिहितो आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक विचारतो. तेच केले. कागदावर ज्या विद्यापीठाचे नाव होते त्याचे दोन ओळींचे उत्तर आले: असा अभ्यासक्रम आमच्याकडे नाही. ते पत्र इंग्रजीत होते. मी ते मराठीत वाचून दाखवले. पालकांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

तेव्हापासून बारावीनंतर कोणी असल्या अभ्यासक्रमाचे पत्रक आणले की मी फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारायला लावतो. परीक्षा कोण घेते? प्रत्यक्ष रात्रपाळीचे शिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती महिने? पास झाल्यावर नाव कोणत्या परिषदेच्या वहीत चढते, आणि ती वही सीमेच्या दोन्ही बाजूंना चालते का? उत्तर तोंडी घ्यायचे नाही, लेखी घ्यायचे. आणि मग त्या परिषदेला स्वतः विचारायचे.

तो मुलगा सध्या एका सरकारमान्य अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला पुन्हा बसला आहे. आईची बोरमाळ अजून सोसायटीतच आहे.