बाळंतशोपा म्हणजे काय? स्वयंपाकात आणि घरात त्या कशा वापराव्यात?

शेपूची पालेभाजी सर्वांच्या ओळखीची आहे. याच शेपूचे वाळलेले बी म्हणजे बाळंतशोपा. बाळंतिणीला जेवणानंतर त्या चघळायला देण्याची पद्धत आहे, म्हणून हे नाव. हिंदीत शेपूला सोवा, तर संस्कृतमध्ये शतपुष्पा म्हणतात. धने, जिरे, ओवा आणि बडीशेप यांच्याच कुळातली ही वनस्पती आहे.

बडीशेप आणि बाळंतशोपा यांतला फरक

बडीशेपेचा दाणा लांबट, हिरवट आणि चवीला गोड असतो. बाळंतशोपांचा दाणा लहान, चपटा, तपकिरी असून त्याच्या कडा फिकट असतात. चव उग्र आणि किंचित कडसर लागते. बडीशेपेचा गोडसर वास ॲनेथॉलमुळे, तर बाळंतशोपांचा वास मुख्यतः कार्व्होनमुळे येतो. त्यामुळे गोड पदार्थात एकीच्या जागी दुसरी घातली तर चव बिघडते.

स्वयंपाकात वापर

चार माणसांच्या भाजीला किंवा आमटीला पाव चमचा पुरे. तेल तापल्यावर जिऱ्यासोबत फोडणीत घालाव्यात. जळल्या तर कडू होतात. बटाटा, कोबी आणि मुगाच्या डाळीशी त्यांची चव चांगली जुळते. काकडीच्या कोशिंबिरीवर भाजून भरडलेल्या बाळंतशोपा भुरभुरता येतात. युरोपातही काकडीच्या लोणच्यात शेपूचे बी घालतात.

घरगुती मुखवास

बाळंतशोपा, बडीशेप, तीळ आणि थोडा ओवा मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत. भाजलेले किसलेले खोबरे व चवीपुरते सैंधव मिसळावे. गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे.

ही काळजी घ्या

१८५१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्ड यांनी तयार केलेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपूच्या बियांचे तेल होते; पण त्यात अल्कोहोलही होते. त्यामुळे ‘पूर्वीपासून देतात’ एवढ्यावरून एखादी गोष्ट बाळासाठी सुरक्षित ठरत नाही. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. बाळंतशोपांचे पाणी पाजू नये. बाळाच्या खोलीत धुरीही टाळावी, कारण धुराचा त्रास त्याच्या श्वासाला होतो. बाळाचे पोट सतत दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. गरोदरपणात फोडणीपुरते प्रमाण ठीक आहे. काढा किंवा तेल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.